शिवदासमामांचा कान आणि आमचा डबा

डिचोली, दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप शिवदासमामांस दत्तारामचा साष्टांग नमस्कार. कानातलं यंत्र आता नीट बसलं का? मामींना माझा नमस्कार सांगा. (गणपतीच्या चवथीपासून तुम्ही त्यांच्याशी अबोला धरलाय असं कळलं. वस्तू हरवतात, मामा, माणूस महत्त्वाचं.)

तर बातमी अशी, की तुमचा भाचा आता कारखान्यात सेन्सरवाला म्हणून ओळखला जातो! मोठ्या ब्लोअरवर, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्यावर, थरथर ओळखणारा अंगठ्याएवढा सेन्सर बसवलाय. तो बिनतारी निरोप पाठवतो आणि शेजारचा डबा थरथर वाढली की तिथल्या तिथे विचार करून मशीन बंद करतो. बेंगळुरूच्या हेड ऑफिसला विचारत बसत नाही. (आमच्या घरात एवढं स्वातंत्र्य कोणाला आहे?) सेन्सर मी स्वतः पुढच्या पत्र्याच्या झाकणावर चिकटवला, दारातून येणाऱ्याला दिसावा म्हणून.

खंडेनवमीला पुण्याचे पाहुणे मोठी ऑर्डर द्यायला आले होते. सहा वर्षं कंत्राटावर काढून माझी कायम होण्याची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर. पाहुण्यांना दाखवायला मशीन चालू ठेवूनच पूजा झाली. सुपरवायझर गोकुळदासबाबांनी ब्लोअरच्या पायाशी नारळ फोडला आणि डब्याने अख्खी लाइन बंद केली! गोकुळदासबाब फुटलेल्या नारळाकडे बोट दाखवून ओरडले, "नाल्लाचो धको तो, चालू कर मरे!" साहेबांचा चेहरा पडलेला. पण काम शिकवतानाचे तुमचे शब्द आठवले, "कान लाय, मशीन आपूणच सांगता." स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक पंख्याच्या बेअरिंगच्या कवचाला, पंखा हाताने फिरवला. आत खरखर! मी म्हटलं, उघडा. उघडलं, तर बेअरिंगला चीर. चालू केलं असतं तर पंखा पाहुण्यांच्या अंगावर आला असता. ऑर्डर मिळाली, चिठ्ठीवर सही झाली आणि माझ्या डब्याला झेंडूचा हार पडला. ऊर भरून आला, मामा.

आपला,
दत्ताराम

ता. क. आज इंजिनिअरने तपासलं. सेन्सर बेअरिंगवर बसवायचा असतो म्हणे. झाकणावरून त्याला फक्त पत्रा ऐकू येत होता. डबा खरंच नारळालाच घाबरला. हार मात्र अजून मी काढलेला नाही.

पुन्हा ता. क. तो स्क्रूड्रायव्हर लाल मुठीचा, तुमचाच. मामींनी हरवला नव्हता, चवथीला मीच न विचारता नेला. साहेबांनी काल दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू लावलं. माझ्याकडेच राहू दे ना, मामा. आणि आज मामींशी बोला. माफी मागताना माझ्या वाटणीचीही मागा.