बिनकांद्याचं मांगू

अहो,

हे पत्र पाठवायची हिंमत नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला हृषिकेशकडे आले त्याच दिवशी मी सुनेला सांगितलं, "माझा उपास आहे." एकादशी नव्हती, सोमवारही नव्हता. मारिसोलच्या हातचं खाऊ नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत आणि मीही मान डोलावली होती.

ती मोबाईलवर बराच वेळ काहीतरी वाचत बसली. मग कच्ची केळी उकडून तिने लोण्यात घोटली. याला मांगू म्हणतात. आफ्रिकेतून तिच्या कॅरिबियन बेटावर आलेला पदार्थ, त्यावर परतलेला कांदा हवाच. तिने तो घातला नाही. वाटी पुढे करत मराठीत म्हणाली, "आई, उपासाला चालतं. मीठ सैंधव आहे."

हृषिकेश माझ्याकडे बघेना. पोराला आईची लबाडी कळली होती.

मी वाटी चाटूनपुसून संपवली.

आज सकाळी तिने विचारलं, "आई, उपास?"

"नाही गं. आज भरपूर कांदा घाल, आणि मला शिकव."

तुम्ही इथे आलात की पहिल्या दिवशी तुमचाही उपास असेलच. म्हणून बिनकांद्याचंही शिकून ठेवतेय.

वाट बघणारी,
प्रभा