बेटरमोस्ट

दि. ४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

हातांच्या खुर्च्या, बिनहातांच्या खुर्च्या, दवाखान्याची बाकं, तुझं अभ्यासाचं मेज, आणि हे सगळं करायची निम्मी हत्यारं. सारं याच हातांनी केलं, कोणी शिकवलं नाही. खुर्चीच्या बुडाशी शिक्का ठोकायचो, त्यातला शब्द तेवढा माझा नव्हे. बेटरमोस्ट. तुझी मामी जुनी पुस्तकं बांधायची, त्यातल्याच एकात तिला तो सापडला होता.

परवा एका फर्निचर कंपनीचा साहेब आला. ते नाव विकत मागतो. वर म्हणाला, इंग्रजी चुकीचं आहे, पण लोकांच्या लक्षात राहतं. तेव्हापासून माझा रंधा सरळ चालत नाही. मामीने जन्मभर माझ्या कामावर चूक ठोकायला लावली का? तू इंग्रजी शिकवतेस. अर्थ आणि मूळ, दोन्ही कळव. माझं मन राखायला काही लिहू नकोस.

तुझा मामा

दि. ११ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं मन राखायची माझी छाती नाही, ठोकताना एक चूक वाकडी गेली तर आठवडाभर अबोला धरणारे तुम्ही.

शब्द खरा आहे. जुना, बोलीतला, आता मागे पडलेला. बेटर म्हणजे अधिक चांगलं. त्यापुढचं मोस्ट हे फार जुन्या इंग्रजीतलं शेपूट आहे. ‘सगळ्यांत’ सांगणारे दोन प्रत्यय एकमेकांत मुरून ते झालं, आणि पुढे लोक त्याला मोस्टच समजू लागले. अर्थ, सगळ्यांत चांगलं. घरात ठेवणीतल्या कपड्यांना, पाहुण्यांच्या खोलीला असं म्हणत.

पण मामा, मला पाठवलेल्या खुर्चीखाली शिक्का का नाही? मी उलटी करून पाहिली.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेवावा.

आपली ठमी

दि. १९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ठेवणीतलं, हे अगदी बरोबर.

शिक्का मी ठोकायचो, ठरवायची ती. नव्या खुर्चीवर बसून ती एक पुस्तक शिवायची. शिवून होईपर्यंत बैठक बदलावी लागली नाही, तरच शिक्का. नाहीतर खुर्ची परत माझ्या अंगावर. यावरून काय कमी भांडलो?

तुझी खुर्ची झाली तेव्हा तिला धड बसवत नव्हतं, तरी हट्टाने बसली. अर्ध्या पुस्तकातच उठली. दुखणं तिचं होतं, खुर्चीत खोट नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तिने हो म्हटलं नाही. म्हणून शिक्का नाही. त्यानंतर कुठल्याच खुर्चीवर नाही.

मामावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

ता. क. साहेब काल परत आला होता. शिक्का आणि नाव मिळून बारा लाख देतो म्हणाला. मी नाही म्हटलं.