बर्फाखालची बोट आणि हंड्यावरचं झाकण

कर्जत, भाद्रपद, सोमवार

बोट सुखरूप आहे! उत्तर ध्रुवाकडे बर्फाखालून जायला निघालेली ती पाणबुडी. तिचे बिनतारी संदेश बंद पडल्यापासून जीव टांगणीला लागला होता. आज ह्यांनी वर्तमानपत्र वाचलं आणि म्हणाले, "ध्रुव राहिला बाजूला, परत फिरले. फजिती झाली."

फजिती कसली? माणसं जिवंत आहेत ना?

ती हरवल्याचं शेजारच्या सखूबाईंना मीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा रोज एकच प्रश्न, "वयनी, आली का वर ती होडी?" आणि तेव्हापासून त्यांच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण नाही. कचरा पडतो म्हणून मी रागावलेसुद्धा. तर म्हणाल्या, "तितं त्यांच्या डोक्यावर झाकान हाय, मी हितं कसं घालू?"

निव्वळ खुळेपणा! मग आमच्या हंड्यावरचं झाकण कुणी काढून ठेवलं? ह्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "घालायचं विसरले."

संध्याकाळी सखूबाईंना बातमी सांगितली.

"समदी आली?"

"सगळी."

त्या आत गेल्या. भिंतीपलीकडून झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग मीही आमचं ठेवलं, जरा जोरातच. त्यांना ऐकू जावं म्हणून.