फासा खरा हाय

अण्णा, तुमचा तो राग मला अजून पाठ आहे. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. गुरांना चारा नाही, दूध संस्थेत दिवसाला दोन कॅन भरायची मारामार. तुम्ही संस्थेचे सचिव आणि रविवारी आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. मी पुण्याहून सुट्टीत नेकनूरला आलेला, एकोणीस वर्षांचा दीडशहाणा. संस्थेच्या रिकाम्या ओट्यावर दोन चुलतभावांना घेऊन मी माझा नवा खेळ मांडलाय. कागदावर गुहा, गुहेत आग ओकणारा अजगर आणि हातात वीस बाजूंचा निळा फासा. "माझं पात्र मांत्रिक हाय!" धाकटा ओरडतो, आणि नेमके तुम्ही येता.

"मांत्रिक? आन् वर फासे? वधस्तंभाखाली येशूच्या झग्यासाठी फासे कोण टाकत बसलं होतं, ठाव हाय का तुला?" फासा तुमच्या खिशात गेला. भावांसमोर माझी पार शोभा झाली, पण त्याचं काही नाही. पोरगं देवापासून लांब गेलं, असं तुम्ही मनात धरलंत की काय, याचीच मला लई भीती वाटली.

रात्रीची जेवणं चाललीत. आई तव्यावरची भाकरी उलटतेय. पिठल्याचा शेवटचा घास घेता घेता तुम्ही विचारलंत, "पात्र म्हंजे काय रं?"

"खेळातला माणूस, अण्णा. त्याच्या जागी बसून आपण ठरवायचं, पळायचं का सोबत्यासाठी थांबायचं."

"मंग ते रिकामंच असतंय की. तू त्यात काय वततोस, ते बघ." दूधवाल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मी फिस्सकन हसलो आणि आईनं डोळे वटारले.

चार दिवसांनी तुम्ही फासा माझ्या हातावर ठेवलात. दुधातलं पाणी दाखवणारी ती काचेची नळी बुडवल्याशिवाय तुम्ही सख्ख्या आईनं संस्थेत आणलेलं दूधही घेत नव्हतात, तिथं फासा कसा सुटेल? शंभरदा टाकून बघितला होतात, जुन्या कागदावर रेघा मारून. "खोट न्हाई यात. फासा खरा हाय, टाकणाऱ्याचं तू बघ." त्याच आठवड्यात मांजरसुंब्याकडून पाण्याचा टँकर आला. कुणाची गुरं आधी, यावरून सभासद एकमेकांच्या गळ्याला आले, तेव्हा तुम्ही तोच फासा मागून घेतलात. वीस सभासद, वीस बाजू. आपल्या म्हशीची पाळी सतरावी आली, तरी तुम्ही हूं की चूं केलं नाही.

आता मी बीडला असतो. शनिवारी दुपारी घरी चौघं खेळायला जमतात. चर्चमधले काहीजण विचारतात, ख्रिस्ती माणसाला कशाला ही जादूची थेरं? मी चहा पाजतो आणि सांगतो, अंधाऱ्या गुहेत पुढं काय आहे ते माहीत नसताना सोबत्याचा हात न सोडणं, यालाच आमचे अण्णा विश्वास म्हणायचे. काहींना पटतं, काही नुसताच चहा पितात.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. खेळात मी तुमचं पात्र केलंय. एक म्हातारा सचिव, तलवार नाही, हातात फक्त काचेची नळी, ती बुडवली की खोटं उघडं पडतं. सगळ्यांचा लाडका आहे तो. मागच्या शनिवारी पूल कोसळत होता आणि बाकीचे पार होईपर्यंत तो मागं थांबला. थांबणारच. खेळ चालवणारा मीच, म्हणून बाकीच्यांना दिसू नये असा पुठ्ठ्याच्या आडोशाला फासा टाकला. एक आला. एक म्हणजे मरण.

तुमच्या शेवटच्या रात्री दवाखान्यात मी तुमचा हात धरून बसलो होतो, तेव्हा रडलोसुद्धा नाही. पुन्हा भेट होणार, असं दर रविवारी मोठ्यानं म्हणतो आणि मानतोही. पण शनिवारी तो एक बघून धीर झाला नाही. "फासा पुठ्ठ्याला टेकून तिरका पडलाय, हा धरायचा न्हाई," म्हणालो आणि दुसऱ्यांदा टाकला. चौदा. म्हातारा वाचला, चौघांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला लिहिलेला हा कागद फाशाच्या डब्यातच राहील. टेकला नव्हता, अण्णा. सपाट पडला होता.