चार स्क्रू सैल करण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
उल्हास खोरे क्रीडा संकुल समिती,
अंबरनाथ पूर्व.

विषय : एअर रायफलवरील दुर्बीण काढण्यास शनिवारपूर्वी परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे दि. ९ सप्टेंबर, २९ सप्टेंबर व १६ ऑक्टोबर २०२५ चे अर्ज.

महोदय,

१. अर्जदार भीमराव लक्ष्मण ओव्हाळ, राहणार बदलापूर, हा शस्त्र कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला असून अकरा वर्षे आपल्या संकुलात मुलांना विनामूल्य नेमबाजी शिकवतो. नोकरीत बत्तीस वर्षे त्याने बंदुका जोडल्या आणि सोडवल्या. आज तो चार स्क्रूंसाठी चौथा अर्ज करीत आहे, याची त्याची त्यालाच गंमत वाटते.

२. जुलैमध्ये रायफल निवडताना अर्जदाराने लेखी कळवले होते की, दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. बारीक भोकातून पाहायची साधी पीप साइट लागते. खरेदी समितीला हे पटले नाही. लांबचे जवळ दिसले तर नेम लागणारच, असे समितीचे म्हणणे पडले. मान्यवर सदस्यांनी रायफल गच्चीवर नेली, दुर्बिणीतून मलंगगड पाहिला, "एकदम क्लिअर!" असा अभिप्राय दिला आणि चहा घेऊन निवड कायम केली. मलंगगड स्पर्धेत नाही, हे अर्जदाराने तेव्हाच निदर्शनास आणले होते.

३. चामटोलीजवळच्या वाडीवरील कु. तुळशी वाळू हिलम ही अर्जदाराची विद्यार्थिनी. संकुलाच्या जुन्या रायफलीवर ती जिल्ह्यात दुसरी आली. ती रायफल आता भंगारात गेली आहे. नव्या दुर्बिणीला डोळा लावून तुळशी म्हणाली, "सर, ठिपका दिसतच नाय, निस्तं धुकं हाय." दुर्बीण लांबच्यासाठी बनवलेली, दहा मीटरवर दुसरे काय दिसणार? विभागीय स्पर्धा शनिवार, दि. ८ नोव्हेंबर रोजी सकाळी नऊ वाजता आहे. सतरा वर्षांखालील गटात तिचे हे शेवटचे वर्ष. दोन महिने ती रायफल खांद्याला लावून नुसती कोऱ्या भिंतीवर नेम धरून उभी राहते. अजिबात हलत नाही. ते पाहून अर्जदाराला संताप येतो, तो येथे नोंदवीत आहे.

४. पीप साइट रायफलीसोबत आलेल्या डब्यातच पडून आहे. बसवायला दहा मिनिटे लागतात. परंतु भांडारपाल श्री. महेश यांच्या नोंदवहीत "रायफल दुर्बिणीसह, नग एक" अशी नोंद आहे. दुर्बीण काढली की नग दोन होतात. "काका, वरचा नग आला कुठून, ऑडिटवाल्यांना मी काय सांगू?" असे त्यांनी विचारले. त्यांचेही बरोबर आहे.

५. दुसऱ्या अर्जावर आपण तज्ज्ञाचे मत मागवले. संकुलाच्या यादीवर नेमबाजीचा तज्ज्ञ एकच, तो म्हणजे अर्जदार. अर्जदाराने स्वतःच्या अर्जाची काळजीपूर्वक तपासणी करून दुर्बीण काढावी असे मत दिले. तज्ज्ञ व अर्जदार एकच असल्याच्या कारणाने ते मत बाद झाले. नवीन तज्ज्ञ सुचवावा, असे पत्र पुन्हा तज्ज्ञ म्हणून अर्जदारालाच आले आहे.

६. सबब, शनिवारी सकाळी सातपर्यंत आदेश न आल्यास अर्जदार स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पान्याने दुर्बीण काढील. परवानगी मिळाल्यास हा अर्ज समजावा. न मिळाल्यास कबुलीजबाब समजून फायलीला लावावा. जी काय कारवाई होईल ती अर्जदारावर व्हावी, मुलीवर नको.

७. परवानगी आली, असे तुळशीला काल सांगितले आहे. ते ऐकून ती दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. तरी स्पर्धा होईपर्यंत खरे काय ते कार्यालयातून कोणीही तिला कळवू नये, एवढे तरी आपल्या अधिकारात करावे, ही हात जोडून विनंती.

सोबत : स्पर्धेच्या नियमांची प्रत, चौथ्यांदा.

ठिकाण : बदलापूर
दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५

शनिवार सकाळपर्यंत आपला आज्ञाधारक,
भीमराव लक्ष्मण ओव्हाळ