कॉइलची वायर

३ नोव्हें., सोम.
हे आज परत गाडी घेऊन गेले. थेट अंधेरी, एमआयडीसी. रिटायर झाले त्या कंपनीच्या गेटवर. कंपनी कधीच बंद पडली. वॉचमनचा फोन, "आजी, साहेब आत सोडा म्हणतायत." मी बोरीवलीहून रिक्षाने धावले. मुलुंडहून मीनल आली, तिने गाडी परत आणली. "आई, बाबांनी कुणाला उडवलं असतं तर?" म्हणून लेक रडली. डॉ.नी तर स्टिअरिंगला हात लावू देऊ नका असं मागेच सांगितलंय.

४ नोव्हें.
चावी लपवली. वाट लागली! तांदळाच्या डब्यात हात, कामवालीवर संशय, शेवटी पलंगावर बसून रडणं. परत दिली. मीनल म्हणते, "चावी राहू दे. गाडीच चालू होणार नाही असं कर."
हे दुपारी झोपल्यावर मी खाली गेले. इंजिन गार. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडलं. मग इग्निशन कॉइलची जाड वायर. ओढायची नाही, टोकाचं रबर धरून पिळत काढायची. ती नसली की ठिणगी नाही, ठिणगी नाही की गाडी नाही. निगेटिव्ह परत जोडून बॉनेट लावलं. सगळं यांनीच शिकवलेलं. घरचा भेदी म्हणतात तो मीच.

६ नोव्हें.
गाडी चालू होईना. "प्लग गेले असणार," म्हणाले आणि चक्क खूश! हत्यारांची पेटी काढली. चावी माझ्याकडे. इंजिनात हात असेपर्यंत चावी बायकोकडे, ही यांची लग्नापासूनची पद्धत. निगेटिव्ह आधी सोडलं. हात काही विसरले नाहीत. प्लग काढले, घासले, फुंकले.
वायरची जागा रिकामी, नाकासमोर. दिसली नाही. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस...
गाडी चालू होऊ नये म्हणूनच काढली ना मी? मग का रडतेय.

९, रवि.
रोज तेच. प्लग काढ, पूस, लाव. शेजारचे शहा म्हणाले, "काका, मेकॅनिक बोलवू?" त्यांच्यावर खेकसले. जेवताना मात्र हळूच, "शुभा, माका जमणा नाय गो आता."
वायर परत लावू? एकदाच चालू होऊ दे. मीनल फोनवर ओरडली, "वेडी आहेस का तू?"

१३ नोव्हें.
मीनलला न सांगता ठरवलं. वायर यांच्याच हातात द्यायची. ओळखली तर लावू देत. बॉनेट उघडं ठेवून इंजिन नुसतं ऐकू देत. मग चावी मी काढून घेईन.
दिली. उलटसुलट करून बघितली. लेंग्याला पुसली, अगदी मन लावून. म्हणाले, "कोणाची गो ही? बिचाऱ्याची गाडी बंद पडली असतली. नेऊन दी त्याका."
देते म्हटलं. चपला घालून जिन्यात जाऊन उभी राहिले, परत आले.
सकाळपासून विचारतायत, "दिलीस काय गो?"