अडॅप्टरची डुलकी

५ मार्च, रविवार
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांच्या यादीत आज एकाची भर. माझ्या लॅपटॉपचा वायरलेस अडॅप्टर वीज वाचवण्यासाठी झोपतो. मला न विचारता. कारकून असता तर मेमो दिला असता.
लेकीचा, शिन-रूचा, जर्मनीहून व्हिडिओ कॉल. ऑक्टोबरात लग्न करतेय म्हणाली, त्या बेकरीवाल्याशीच. बाबा, तुम्ही येणार... एवढ्यात नेट गेलं. तिने आईला फोन करून सांगितलं, बाबांनी मुद्दाम तोडलं. मी! आयुष्यात कुणाचं बोलणं तोडलं नाही. बायको यावर काही सांगत होती, तिला म्हटलं नंतर.

६ मार्च
पॉवर सेटिंग सापडली. 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' केलं. दहा मिनिटांत विषय संपला.
जिन्यात शेजारचे त्सेंग आजोबा भेटले. रिटायर्ड टेलिफोन लाइनमन, त्यामुळे सर्वज्ञ. म्हणाले, रकाने दोन असतात हो, एक चार्जर लावल्यावरचा, एक बॅटरीवरचा. दोन्ही बदला, नि लिहून ठेवा, विसराल. वर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट हातात कोंबलं. पाकिटावरच्या नावाचाच अर्थ म्हणे 'शहाणं बाळ'. यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवंच हवं, मुदत संपलेली नको, फोडायचं तर मुळीच नाही. अख्ख्या तैवानातले सर्व्हर म्हणे याच्याच भरवशावर आहेत.
मी विज्ञाननिष्ठ माणूस. चहाबरोबर खाल्लं. नारळाची चव. बरं होतं.

१२ मार्च, रविवार, संध्याकाळी ५.२०
पुन्हा 'येणार का'वरच नेट गेलं. चार्जर लावून सेटिंग तपासली. मॅक्सिमम! म्हणजे दोष इमारतीच्या राउटरचा. कमिटीला तक्रार लिहिली, तीन पानं.
बायको म्हणाली, अहो, पाचला तुमचा चार्जर काढून मी तिथे भाताचा कुकर लावते ना. म्हटलं, विषय नेटचा चाललाय, भाताचा नाही.

१८ मार्च
महत्त्वाचा शोध. रकाने दोन असतात! बॅटरीच्या रकान्यात 'जास्तीत जास्त बचत' होतं. बदललं. चिठ्ठी लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवली. कुणाची मदत लागली नाही.

१९ मार्च, रविवार
नेट एकदाही हललं नाही. शिन-रू म्हणाली, आज हो की नाही ते सांगाच. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्यामागे तो उभा दिसला. हाताला पीठ. नमस्कारासाठी वाकला.
लॅपटॉपचं झाकण मिटलं.
बायकोला सांगितलं, अडॅप्टर.

२६ मार्च, रविवार
पाच ते सहा बसलो. सिग्नल पूर्ण. सेटिंग दोन्ही रकान्यांत मॅक्सिमम. कॉल नाही.
स्वयंपाकघरात बायको फोनवर हसत होती. विचारलं, कोण? म्हणाली, शिन-रू. तुमचं नेट जातं ना, म्हणून आता इकडेच करते.
खालच्या दुकानातून हिरवं पाकीट आणलं. मुदत पाहिली. ऑक्टोबरपर्यंत. त्सेंग आजोबांच्या दाराच्या कडीला अडकवलं.
बेल वाजवली नाही.